बॅकअप चालू आहे, असं मला वाटत होतं



या सदरात एरवी मी तुम्हाला दुसऱ्यांच्या घरच्या तांत्रिक अडचणी सांगते. आज माझ्याच घरची सांगणार आहे. तीत माझंच चुकलं, आणि त्याची किंमत पैशांत मोजता येण्यासारखी नाही.

आम्ही जयपूरला राहतो. माझी आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. दुपारी चहा झाला की ती साताऱ्याच्या गोष्टी सांगायची. वाड्यातली विहीर, आजोबांचं किराणा दुकान, कुरडयांचा चीक किती वेळ घोटायचा, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, असं काहीही. मी फोन समोर ठेवून ते रेकॉर्ड करायची. फोन भरला की सगळ्या फाईली अभ्यासिकेतल्या संगणकावर टाकायची आणि फोनमधून पुसायची. कारण रोज रात्री दोन वाजता अभ्यासिकेतला संगणक आपल्या फाईलींची नक्कल वरच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर आपोआप पाठवत असे. दोन्हींवर लिनक्स आहे. ही फुकट मिळणारी प्रणाली जुन्या संगणकांवरही बिनतक्रार चालते. दोन वर्षांपूर्वी मी ते सगळं जुळवलं, आठवडाभर पाहिलं, चालत होतं. मग पाहायचं सोडून दिलं.

आई गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेली. मे महिन्यात एका संध्याकाळी इथे म्हणतात तशी काली-पीली आँधी आली, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. शेवटी आली तेव्हा अभ्यासिकेतल्या संगणकाची हार्डडिस्क फक्त टकटक आवाज करत होती. मी घाबरले नाही. वर गेले, नक्कल उघडली. शेवटची फाईल ८ फेब्रुवारीची होती.

त्यानंतरची तेवीस रेकॉर्डिंग्ज त्यात नव्हती. डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्याने ती उघडून पाहिली आणि मान हलवली. साताऱ्याच्या धाकट्या बहिणीला मी मधूनमधून काही फाईली व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, त्यातून चौदा परत मिळाल्या. नऊ गेल्या त्या गेल्याच.

शांत राहिलेली चूक

झालं काय होतं? वरच्या संगणकावर कोण कधी आलं-गेलं याची नोंद असते, तिला लॉग म्हणतात. त्यात ९ फेब्रुवारीच्या पहाटेनंतर एकदाही अभ्यासिकेतला संगणक आल्याची नोंद नव्हती. ९ फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे इंटरनेटवाल्याने नवा राऊटर बसवला तो दिवस. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. नव्या राऊटरने वरच्या संगणकाला नवा पत्ता दिला आणि माझं काम मात्र रोज रात्री जुन्याच पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परतत होतं. साडेतीन महिने.

त्याने तक्रार केली नसेल का? केली असणार. ठरलेल्या वेळी कामं चालवणारा लिनक्सचा कार्यक्रम म्हणजे 'क्रॉन'. काम करताना काही संदेश आला तर क्रॉन तो संगणकाच्या आतल्याच एका टपालपेटीत टाकतो. ती पेटी कोणी उघडत नाही. पुष्कळ संगणकांवर ती बसवलेलीही नसते, मग संदेश सरळ फेकून दिला जातो. काही कळलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले होते.

नवी डिस्क आणली, लिनक्स नव्याने घातलं आणि बॅकअप पुन्हा जुळवायला बसले. हाताने चालवलं की दोन मिनिटांत चाले, रात्री मात्र चालत नसे. तुमच्यापैकी ज्यांनी असं काही जुळवलंय त्यांना हा अनुभव नक्की आला असेल. मला तीन आठवडे लागले. ते ज्या क्रमाने शोधलं त्याच क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला की माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

पहिला प्रश्न: काम सुरू तरी झालं का?

सगळ्यात आधी हेच पाहायचं. क्रॉन प्रत्येक काम सुरू केल्याची वेळ नोंदवतो. माझ्या नोंदीत वेळ बरोबर रात्री दोनचीच होती, पण वरच्या संगणकाच्या नोंदीशी ती जुळेना. घड्याळाकडे नीट पाहिलं तेव्हा उलगडलं. नव्याने लिनक्स घालताना मी वेळेचा विभाग निवडलाच नव्हता. संगणक जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता आणि भारत तिच्या साडेपाच तास पुढे. त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. आणि अकरावीतला मुलगा सात वाजता शाळेला निघताना वरचा संगणक गुणी मुलासारखा बंद करून जायचा!

जयपूरमध्ये राहून ही चूक करणं म्हणजे जरा लाजिरवाणंच. इथल्या जंतरमंतरात सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेलं सम्राट यंत्र आहे, सुमारे सत्तावीस मीटर उंचीचं सूर्याचं घड्याळ. त्याची सावली दाखवते ती वेळ आपल्या मनगटावरच्या वेळेशी जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि जयपूर आहे ७५.८ अंशाच्या आसपास. म्हणून इथला सूर्य सरासरी सत्तावीस मिनिटं मागे असतो आणि ऋतूप्रमाणे हा फरक साधारण दहा ते एक्केचाळीस मिनिटांच्या दरम्यान बदलतो. पाहुणे आले की मी हे त्यांना कौतुकाने सांगते. घरच्या संगणकाला मात्र 'तुझे दोन म्हणजे कुणाचे दोन?' असं विचारायचं राहून गेलं.

याच प्रश्नात आणखी तीन गोष्टी तपासा. एक, त्या वेळी दोन्ही संगणक जागे असतात का? झोपलेल्या संगणकावर साधा क्रॉन चालत नाही आणि चुकलेलं काम नंतर भरूनही काढत नाही. त्यासाठी 'ॲनाक्रॉन' आहे, तो संगणक चालू झाल्यावर राहिलेलं काम करतो. दोन, क्रॉनला कार्यक्रम कुठे ठेवलेत ते तुमच्याइतकं माहीत नसतं. तुमच्या खिडकीत चालणारी आज्ञा त्याला 'सापडत नाही', म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा पूर्ण पत्ता लिहा. तीन, फाईलच्या नावात आपोआप तारीख यावी म्हणून क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह लिहिलं असेल तर क्रॉन तिथेच ओळ तोडतो. सगळं एका वेगळ्या फाईलमध्ये लिहा आणि क्रॉनला फक्त ती फाईल चालवायला सांगा.

दुसरा प्रश्न: तिथवर पोचलं का?

एका संगणकावरून दुसऱ्याला 'पिंग' करून पाहा. उत्तर आलं नाही तर पत्ता बदललाय, संगणक बंद आहे किंवा मध्येच केबल सुटलीय. पत्त्याचा कायमचा उपाय राऊटरमध्येच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक यंत्राला ठरावीक पत्ता राखून ठेवता येतो. पाच मिनिटांचं काम. ते मी आधी केलं असतं तर आज हा लेख लिहावा लागला नसता. राऊटर बदलला की मात्र ही सोय पुन्हा करावी लागते. आमच्या राऊटरवर मी तशी चिठ्ठीच चिकटवून ठेवली आहे.

तिसरा प्रश्न: आत घेतलं का?

एक लिनक्स संगणक दुसऱ्यात शिरतो तो बहुतेक 'एसएसएच' या सुरक्षित वाटेने. पासवर्डऐवजी इथे किल्ली वापरता येते. किल्ली म्हणजे एक लहानशी गुप्त फाईल. दिवसा चालतं आणि रात्री चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं, कारण दिवसा तुम्ही समोर बसलेले असता.

माझ्या बाबतीत तीन भानगडी एकावर एक होत्या. हाताने चालवताना मी माझ्या नावाने चालवत होते. क्रॉनमध्ये मात्र काम 'रूट' म्हणजे संगणकाच्या मुख्य मालकाच्या नावाने लावलं होतं. किल्ली माझ्या फोल्डरमध्ये, रूटकडे किल्लीच नाही. ते सुधारलं तर दुसरी अडचण. माझ्या किल्लीला परवलीचा शब्द होता. मी सकाळी लॉगिन करताना तो एकदा देत असे, म्हणून दिवसभर पुन्हा विचारला जात नसे. रात्री दोनला तो देणार कोण? म्हणून फक्त बॅकअपसाठी वेगळी किल्ली केली, परवलीच्या शब्दाविना. अशी किल्ली चोराच्या हाती लागली तर नुकसान कमी व्हावं, म्हणून वरच्या संगणकावर तिला फक्त बॅकअपच्या फोल्डरपुरतीच मुभा दिली.

तिसरी भानगड म्हणजे ओळख. नव्या संगणकाकडे पहिल्यांदा जाताना एसएसएच विचारतं, 'याला मी ओळखत नाही, पुढे जाऊ का?' दिवसा आपण 'हो' म्हणतो आणि विसरतो. रात्री 'हो' म्हणायला कोणी नसतं. म्हणून ज्या नावाने काम चालणार आहे त्याच नावाने, त्याच किल्लीने एकदा हाताने जाऊन या. आणि किल्लीची फाईल इतरांना वाचता येण्यासारखी ठेवली असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं, हेही ध्यानात असू द्या.

चौथा प्रश्न: माल योग्य जागी उतरला का?

नक्कल करण्याचं काम 'आरसिंक' करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहिला. फाईलीत जेवढं बदललं तेवढंच तो पाठवतो, म्हणून पहिल्या रात्रीनंतर काम झटपट होतं. काम संपलं की तो एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं पार पडलं. २३ म्हणजे काही फाईली गेल्या नाहीत. २४ म्हणजे पाठवता पाठवता काही फाईली जागेवरून नाहीशा झाल्या. २५५ आला तर बहुतेक वेळा एसएसएचची वाटच बंद असते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे परत जा. हा आकडा लॉगमध्ये लिहून ठेवायची एक ओळ घाला. निम्मा शोध तिथेच संपतो.

आमच्याकडे आता आकडा शून्य येऊ लागला. दहा दिवस मी खुशीत. अकराव्या दिवशी संदेश आला, जागा संपली! नक्कल जाते त्या बाहेरच्या डिस्कवर तर तीन चतुर्थांश जागा मोकळी होती. मग कळलं की मध्ये एकदा लाईट गेली, वरचा संगणक पुन्हा सुरू झाला, पण यूएसबीची डिस्क जोडली गेलीच नाही. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एखाद्या फोल्डरच्या जागी 'माउंट' होते. डिस्क नसली तरी तो रिकामा फोल्डर असतोच. आरसिंकने निमूटपणे त्यातच माल उतरवला, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या लहानशा डिस्कवर, ती भरेपर्यंत. आता काम सुरू होण्याआधी डिस्क जोडलेली आहे का ते तपासतं, नसेल तर तिथेच थांबतं.

ही तपासणी मूळ फाईली असतात त्या बाजूलाही करा. ती बाजू जास्त घातक आहे. आरसिंकला 'मुळात नाही ते नकलेतूनही पूस' असं सांगता येतं. मूळ डिस्क जोडलेली नसेल तर त्याला मूळ फोल्डर रिकामा दिसतो आणि तो प्रामाणिकपणे सगळी नक्कल पुसतो. ही सोय वापरण्याआधी 'ड्राय-रन' करा. त्यात आरसिंक काय करणार ते नुसतं सांगतो, करत काही नाही. त्याहून चांगलं म्हणजे रोजची नक्कल तारखेनुसार वेगळी ठेवणं. आरसिंकमध्ये ती सोय आहे, न बदललेल्या फाईली त्यात दुप्पट जागा खात नाहीत. 'बोर्ग' आणि 'रेस्टिक' हे कार्यक्रमही याच कामाचे.

पाचवा प्रश्न: परत मिळतं का?

चारही प्रश्नांची उत्तरं 'हो' आल्यावर मी मुलाला लॉग दाखवला. सगळीकडे शून्य. तो म्हणाला, "आई, ते ठीक आहे. आजीची एक फाईल परत आणून दाखव."

मी वरच्या संगणकावर गेले, 'आई' नावाचा फोल्डर दिसला, तो उघडला. उघडलाच नाही. बहिणीकडून मिळालेल्या चौदा फाईली मी मोठ्या डिस्कवर ठेवल्या होत्या आणि नेहमीच्या जागी त्या फोल्डरचा नुसता शॉर्टकट केला होता. आरसिंकने जे दिसलं त्याची नक्कल केली, म्हणजे शॉर्टकटची. आकडा शून्य, तक्रार नाही, आणि आतमध्ये आईचा आवाज नाही. माझ्या पोटात गोळा आला. तो अजून गेला नव्हता, मूळ फाईली खाली होत्या. पण आणखी एक आँधी आली असती तर त्या चौदाही गेल्या असत्या.

त्या संध्याकाळी मोठ्या डिस्कवरचा खरा फोल्डर यादीत घातला. मग एक रेकॉर्डिंग वरून खाली आणलं आणि आम्ही तिघांनी ऐकलं. त्यात आई कुरडयांबद्दल बोलत होती आणि मागे जयपूरचा कूलर घरघरत होता.

मोठ्यांच्या घरीही हेच

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नका. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं काम सांभाळणाऱ्या 'गिटलॅब' या जगप्रसिद्ध कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकून खऱ्या डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबी माहिती. बॅकअपकडे वळले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण त्यासाठीचा कार्यक्रम आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. त्याची तक्रार ईमेलने पाठवली जात होती, पण त्या ईमेलच नाकारल्या जात होत्या. एका अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली नक्कल होती, ती कामी आली. मधल्या सहा तासांचं काम गेलं. हे सगळं त्यांनी लोकांसमोर उघड सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. वाचताना मला आमचीच न उघडलेली टपालपेटी आठवली.

म्हणून आता मी उलटी सोय केली आहे. बिघडलं तर सांग, असं नाही. नीट झालं तर सांग. रोज सकाळी सात वाजता फोनवर एका ओळीचा निरोप येतो: किती फाईली गेल्या, आकडा काय, डिस्कवर जागा किती. निरोप आला नाही, तर त्याच दिवशी पाहायचं. बिघडलेलं यंत्र तक्रार करेलच याची खात्री नसते, पण न आलेला निरोप मला आठवतोच.

तिसरी नक्कल

आणखी एक. आमचे दोन्ही संगणक एकाच घरात, एकाच मीटरवर. आग लागली, चोरी झाली, तर दोन्ही एकदमच जातील. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. सवाई जयसिंहांनी दिल्लीची निरीक्षणं पडताळून पाहता यावीत म्हणून जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन इथेही वेधशाळा उभारल्या. मथुरेची आज शिल्लक नाही. बाकीच्या चार मात्र अजून पाहता येतात. आमची घराबाहेरची प्रत साताऱ्याला बहिणीकडे आहे. दर दिवाळीला जाताना मी नवी डिस्क नेते आणि जुनी परत आणते.

या रविवारी एवढंच करा

तुमच्याकडे दोन लिनक्स संगणक नसतील, फक्त फोन असेल, तरी प्रश्न तेच आहेत. फोनचा बॅकअप शेवटचा कधी झाला ती तारीख पाहा. जागा संपली म्हणून तो थांबलाय का पाहा. आणि मग एक जुना फोटो किंवा एक रेकॉर्डिंग निवडा आणि ते दुसऱ्या यंत्रावर परत आणून उघडा. नुसतं नाव दिसलं म्हणून थांबू नका. फोटो डोळ्यांनी बघा, आवाज कानांनी ऐका.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आता हा कार्यक्रम असतो. फाईल मुलगा निवडतो, परत आणायची मी. गेल्या महिन्यात त्याने आजोबांच्या दुकानाची गोष्ट निवडली. ती मधेच संपते, पुढचा भाग त्या नऊ फाईलींत होता. बहिणीला फोन केला. तिला ती गोष्ट आठवत होती. तिने सांगितली, आम्ही रेकॉर्ड केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या निरोपात एक फाईल जास्त होती.

तुमचा बॅकअप कुठे अडतोय ते मला जरूर कळवा. पाचपैकी कितव्या प्रश्नावर अडला तेवढंही पुरे. भेटू पुढच्या लेखात.